परदेशात इंग्रजी शिकवण्याची जाहिरात विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकण्याआधी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे प्राचार्य, इंग्रजी विभागप्रमुख, बी.एड. महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि प्लेसमेंट कक्षांचे समन्वयक यांना खुले पत्र

सन्माननीय महोदय आणि महोदया,

तृतीय वर्षाच्या आणि बी.एड.च्या परीक्षा तोंडावर आल्या की एक जाहिरात फिरू लागते. ‘परदेशात इंग्रजी शिक्षक हवेत. अनुभवाची अट नाही. राहणे मोफत. व्हिसा आम्ही काढून देऊ. जागा मर्यादित.’ कोणी ती समन्वयकांना पाठवतो, समन्वयक चांगल्या हेतूने विभागाच्या ग्रुपवर टाकतात आणि त्या क्षणी तिचे रूप बदलते. रावेर किंवा शिरपूरच्या घरात ती ‘एजंटची जाहिरात’ राहत नाही, ‘कॉलेजातून आलेली नोकरी’ होते. त्या एका शब्दावर सोने तारण ठेवले जाते आणि पतसंस्थेतून कर्ज उचलले जाते.

मुले-मुली तिकडे का बघतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (अभियोग्यता चाचणी) दिल्यावर राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसायचे, किंवा तासिका तत्त्वावर शिकवायचे आणि सुटीच्या महिन्यांत हात रिकामे ठेवायचे, हेच पर्याय समोर असताना परदेशाची वाट धरणे चुकीचे नाही. खान्देशातून गेलेले शिक्षक परदेशात नीट नोकऱ्या करत आहेत. आमची विनंती एवढीच आहे की अर्ज भरण्याआधीची तपासणी एकट्या विद्यार्थ्यावर सोडू नये. ती विभागात व्हावी आणि ठराविक क्रमाने व्हावी.

हा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा असतो. आधी पगार बघितला जातो, मग देश, मग राहण्याची सोय, आणि व्हिसाचा विचार सगळ्यात शेवटी येतो. खरे तर पहिला प्रश्न हा हवा: हा देश भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिकवण्यासाठी कामाचा व्हिसा देतो का, आणि कोणत्या अटींवर? इथे उत्तर ‘नाही’ आले तर पुढचे काही वाचायचे कारण उरत नाही.

दक्षिण कोरियाचे बघा. तिथे परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी ई-२ हा व्हिसा आहे. इंग्रजीसाठी तो सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारामुळे भारतीयांसाठी एक अरुंद वाट आहे, पण ती अध्यापनाची अधिकृत पात्रता असलेल्या पदवीधराला शाळेत सहायक शिक्षक म्हणून जाण्याची आहे. तेव्हा ‘कोरियातल्या खासगी क्लासमध्ये बी.ए.वर लगेच नोकरी’ असे कोणी लिहिले असेल, तर तो कायदा वाचल्याशिवाय लिहितो आहे किंवा मुद्दाम लपवतो आहे. चीनमध्येही इंग्रजी शिक्षकाच्या कामाच्या परवान्यासाठी इंग्रजीभाषक देशाचा पासपोर्ट हा सर्वसाधारण नियम आहे. कामासाठी लागतो तो झेड व्हिसा. पर्यटनाच्या किंवा व्यापारी भेटीच्या व्हिसावर वर्गात उभे राहणे तिथे गुन्हा ठरते. शिवाय जुलै २०२१ मध्ये चीनने शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर कडक बंधने आणली आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून मुलांना ऑनलाइन शिकवून घेण्यावरही बंदी घातली. ‘घरी बसून चिनी मुलांना शिकवा’ ही जुनी जाहिरात आजही फिरताना दिसली तर हे लक्षात ठेवावे.

जपानची अट आपल्या मुलांसाठी सर्वात महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. तिथल्या शाळांत सहायक भाषाशिक्षक म्हणून जायचे तर जी भाषा शिकवायची तिच्याच माध्यमातून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर कला शाखा आणि मग इंग्रजी विषय घेऊन बी.ए., एम.ए. ही आपल्याकडची नेहमीची वाट आहे. तिच्यात ती १२ वर्षे भरत नाहीत, मग इंग्रजी कितीही उत्तम असो. मुलाची गुणवत्ता इथे मोजलीच जात नाही, माध्यमाची वर्षे मोजली जातात. हे आधी सांगितले तर त्याचे पैसेही वाचतात आणि ‘आपणच कमी पडलो’ हा सलही राहत नाही.

मग उरतात ते देश जिथे भारतीय शिक्षकांना खरोखर जागा आहे: आखाती देशांतील भारतीय आणि इतर खासगी शाळा, मालदीव, थायलंड, व्हिएतनाम आणि आणखी काही. या जागा खऱ्या आहेत, म्हणूनच त्यांच्या नावाने खोटेपणाही सर्वाधिक होतो.

थायलंडसाठी शिक्षकाला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, त्यावर कामाचा परवाना, आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती मुभा, अशा तीन गोष्टी लागतात. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांकडून टोइक किंवा आयल्ट्ससारख्या चाचणीचे गुण मागितले जातात. या चाचण्यांचे गुण दोन वर्षेच ग्राह्य धरले जातात, म्हणून नोकरी दिसण्याआधीच घाईने परीक्षा देऊन ठेवू नये. एजंट मात्र सांगतो, ‘आधी पर्यटक म्हणून या, इथे आल्यावर व्हिसा बदलून घेऊ.’ काही देशांत असा बदल कायद्यात बसतो, हे खरे. पण परवाना हातात येईपर्यंत काम करणे बेकायदाच असते, आणि पकडले गेल्यावर दंड, अटक, परत पाठवणी हे सगळे शिक्षकाच्या वाट्याला येते, एजंटच्या नाही. म्हणून विचारायचा प्रश्न असा: परवान्याचा अर्ज कोणाच्या नावाने होणार, शाळेच्या की एजन्सीच्या? तो कधी दाखल होणार, आणि मिळेपर्यंतचा पगार कोण देणार? याचे लेखी उत्तर आले नाही तर पुढे जाऊ नये.

थायलंडच्या बाबतीत एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधील नोकरीच्या खोट्या आमिषांबद्दल जाहीर सूचना काढली. तरुणांना बँकॉकला बोलावून तिथून रस्त्याने सीमेवर न्यायचे, म्यानमारमधील म्यावड्डी भागात पोहोचवायचे आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडून राबवायचे, असे प्रकार उघड झाले होते. कंबोडिया आणि लाओसबद्दलही अशाच सूचना निघाल्या. त्या सूचनेचा रोख संगणकाशी संबंधित नोकऱ्यांवर होता, पण या अड्ड्यांना हवी असतात ती इंग्रजी लिहिता-बोलता येणारी मुले, आणि ती आपल्या विभागांत बसलेली असतात. म्हणून शाळेचा पत्ता नकाशावर उघडून बघायचाच. विमानतळाहून ‘गाडीने पुढे माए सोटला या’ असे कोणी म्हणत असेल, तर ते गाव मोई नदीच्या अलीकडच्या काठावर आहे आणि पलीकडे म्यावड्डी आहे, एवढे विद्यार्थ्याला माहीत हवे.

आता मधल्या माणसाबद्दल. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. ‘तुमचा पासपोर्ट ईसीएनआर आहे, पदवीधरांना हे लागू नाही’ असे हमखास सांगितले जाते. ईसीएनआर म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारची उत्प्रवास मंजुरी लागत नाही असा पासपोर्ट. यात अर्धे खरे आहे आणि अर्धे खोटे. दहावी उत्तीर्ण माणसाला उत्प्रवास मंजुरी लागत नाही, हे खरे. पण एजंटची नोंदणी त्यामुळे माफ होत नाही. त्याचा परवाना क्रमांक बी या अक्षराने सुरू होतो आणि मुंबईच्या एजंटच्या क्रमांकात एमयूएम ही अक्षरे असतात. तो क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकला की परवाना चालू आहे, संपला आहे की निलंबित आहे, ते दिसते. त्याच पोर्टलवर बेकायदा एजंटांची यादीही असते. जाहिरातीतले नाव आणि परवान्यावरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. ‘आम्ही त्यांचे जळगावचे प्रतिनिधी’ हे उत्तर चालत नाही.

नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, आणि पावती द्यावी लागते. लाख-दीड लाख ‘प्रोसेसिंग’, ‘परत मिळणारी अनामत’, ‘दूतावासाची फाइल फी’ यांना कायद्यात जागा नाही. संयुक्त अरब अमिरातीत तर २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, तो कामगारावर लादता येत नाही. पैसे शाळेच्या किंवा कंपनीच्या खात्यावर न मागता एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले गेले, की तिथेच थांबावे.

शाळा थेट नेमणूक करत असेल तर मध्यस्थ नसतो, पण मग शाळाच तपासायची. आखातातील शाळा सीबीएसईची म्हणवत असेल तर सीबीएसईच्या संकेतस्थळावर परदेशी संलग्न शाळांमध्ये तिचे नाव शोधता येते. ईमेल शाळेच्या स्वतःच्या डोमेनवरून आली आहे की साध्या जीमेलवरून, ते बघावे. डोमेन शाळेच्या नावासारखेच दिसत असेल, तर हूइज या मोफत सोयीवर त्याची नोंदणीची तारीख काढावी. पंचवीस वर्षे जुनी म्हणवणारी शाळा आणि दोन महिन्यांचे डोमेन, एवढ्यावर निकाल लागतो. जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन करून उपयोग नाही, तिथे त्यांचाच माणूस बोलतो. नकाशावरून किंवा शाळेच्या जुन्या संकेतस्थळावरून स्वागतकक्षाचा क्रमांक काढून विचारावे की ही भरती तुमची आहे का, आणि अमुक एजन्सीला तुम्ही काम दिले आहे का.

आणि मुलाखत. शिक्षक निवडणारी शाळा शिकवून बघते. पंधरा-वीस मिनिटांचा पाठ व्हिडिओवर घ्यायला सांगते, वर्गात दंगा झाला तर काय कराल असे विचारते. व्हॉट्सॲपवर चार प्रश्न विचारून संध्याकाळी नियुक्तिपत्र पाठवणाऱ्याला शिक्षक नको आहे, पासपोर्टची प्रत हवी आहे किंवा पैसे हवे आहेत.

आता नियुक्तिपत्र. ते विभागात बसून ओळीओळीने वाचावे, कारण मुलांना त्यातले शब्द कळतात, पण त्यामागचा हिशेब कळत नाही.

समजा थायलंडचे पत्र आहे आणि त्यात महिना २२,००० बाट लिहिले आहेत. खाली एका ओळीत करार दहा महिन्यांचा असल्याचे दिसते. म्हणजे वर्षाचे झाले २,२०,००० आणि बारा महिन्यांवर पसरले तर महिना १८,३३३. घरभाडे ५,०००, जेवण ६,०००, प्रवास १,५००, फोन ५०० असे अगदी बेताने धरले तरी १३,००० गेले. उरले ५,३३३ बाट, म्हणजे अडीच रुपयांचा बाट धरला तर साधारण १३,३०० रुपये. निघताना एजंट, विमान, कागदपत्रे मिळून १,२०,००० रुपये कर्ज काढले असेल, तर व्याज न धरताही नऊ महिने फक्त ते फेडण्यात जातात, आणि दहाव्या महिन्यात करार संपतो. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येक पत्रासाठी त्या शहराचे भाडे आणि त्या आठवड्याचा दर घेऊन हीच बेरीज-वजाबाकी फळ्यावर करावी. दहा मिनिटे लागतात.

पगाराआधी ‘पर्यंत’ हा शब्द आहे का, ते बघा. ‘२८,००० पर्यंत’ म्हणजे २८,००० नव्हे. ‘आठवड्याला २० तास’ लिहिले असेल तर ते वर्गातले तास की शाळेत हजर राहण्याचे, हे विचारा. २० तास शिकवून ४० तास शाळेत बसवणे हे सर्रास चालते, आणि शनिवारची शिबिरे त्यात धरलेली नसतात. ‘राहण्यासाठी मदत’ म्हणजे मोफत घर नव्हे, कधी कधी ती फक्त दलालाचा पत्ता देण्यापुरती असते. विमानभाडे ‘परत मिळेल’ असेल तर बहुधा करार पूर्ण झाल्यावर, म्हणजे तोवर ते आपल्याच खिशातून गेलेले असते. मध्येच नोकरी सोडल्यास किती दंड, आणि शाळेने काढले तर किती दिवसांची सूचना, ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचा. एका बाजूला तीन महिन्यांचा पगार आणि दुसऱ्या बाजूला सात दिवस असतील, तर पत्र कोणाच्या सोयीने लिहिले आहे ते उघड आहे. करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यावर कोणती प्रत ग्राह्य, हेही विचारावे. अमिरातीत अरबी प्रत मानतात.

अमिरातीच्या पत्रात मूळ वेतन आणि भत्ते वेगळे लिहिलेले असतात आणि मुले फक्त खालची एकूण रक्कम बघतात. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात, पहिली पाच वर्षे दर वर्षाला २१ दिवसांच्या हिशेबाने. एकूण ५,००० दिरहमपैकी मूळ वेतन २,००० असेल तर दोन वर्षांनी २,८०० दिरहम मिळतील. तेच मूळ वेतन ३,५०० असेल तर ४,९००. पगार तोच, हातात येणारी रक्कम वेगळी.

मालदीवमध्ये पगार कोणत्या चलनात मिळतो, हा सर्वात मोठा प्रश्न आहे. रुफियाचा अधिकृत दर डॉलरला १५.४२ आहे, पण त्या दराने हवे तेवढे डॉलर बँकेत मिळतील असे नाही. पगार रुफियात आणि कर्ज जळगावच्या पतसंस्थेत असेल, तर दरमहा किती रक्कम घरी पाठवता येते, हे तिथे आधीपासून असलेल्या शिक्षकाकडून विचारून घ्यावे. चांगली शाळा असा संपर्क देते.

कागदपत्रांकडे मात्र अर्जाच्या कितीतरी आधी बघायला हवे, आणि इथे महाविद्यालय सर्वाधिक मदत करू शकते. आपल्या दहावी-बारावीच्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव वेगळ्या रकान्यांत. पदवीवर कधी वडिलांचे नाव आहे, कधी नाही, आणि लग्न झालेल्या मुलींच्या कागदांवर दोन आडनावे. आपल्याला हे सगळे एकच माणूस वाटते, परदेशातल्या पडताळणी करणाऱ्याला ते दोन-तीन माणसे वाटतात. त्यात आपल्या विद्यापीठाचे नाव २०१८ साली बदलले. एखाद्याची बी.ए. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची आणि एम.ए. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची असते. हे एकच विद्यापीठ आहे असे सांगणारे पत्र सोबत नसेल, तर फाइल अडते. विभागाने विद्यापीठाकडून असे पत्र एकदा मिळवून ठेवावे, म्हणजे दरवर्षी कामी येईल.

मूळ पदवी प्रमाणपत्र लागते. नुसत्या गुणपत्रकावर किंवा तात्पुरत्या प्रमाणपत्रावर सहसा भागत नाही, म्हणून दीक्षान्ताचा अर्ज चुकवू नये. आधी राज्याच्या पातळीवर साक्षांकन (कागद खरा असल्याचा शिक्का), मग परराष्ट्र मंत्रालयाचे. देश कागदपत्रांच्या मान्यतेच्या हेग कराराचा सदस्य असेल तर मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे सदस्य देशांत चालणारे प्रमाणन, पुरते, ओमान आणि बहरीन तसे आहेत. अमिरातीसाठी त्यानंतर त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. मंत्रालयाचे अपोस्टिलचे शुल्क दर कागदाला ५० रुपये आहे, वर मान्यताप्राप्त संस्थेचा थोडा सेवाखर्च. हजारोंचे बिल आले तर प्रत्येक रकमेची पावती मागावी. आणि मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी एक गोष्ट अगदी सुरुवातीला विचारावी: आखातातील काही देशांत दूरशिक्षणाच्या पदवीला समकक्षता मिळताना अडचण येते. शाळेने निवडल्यावर हे कळले तर उशीर झालेला असतो.

टेफलच्या, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याच्या, कोर्सबद्दल थोडे. नोकरीसोबत ‘आमचाच १२० तासांचा कोर्स करा’ असे सांगणारा खरे तर कोर्स विकतो आहे. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी अध्यापनाच्या कोर्समध्ये प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर किमान सहा तास निरीक्षणाखाली शिकवावे लागते. वर्गात एकदाही उभे न राहता दोन दिवसांत मिळणाऱ्या पीडीएफला चांगली शाळा किंमत देत नाही. आखाती भारतीय शाळांना तर बहुधा बी.एड. हवे असते, टेफल नव्हे.

आपल्याकडून आम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. ज्या जाहिरातीत शाळेचे नाव, व्हिसाचा प्रकार, कामाच्या परवान्याचा अर्जदार आणि एजंट असल्यास त्याचा नोंदणी क्रमांक नाही, ती कोणत्याही ग्रुपवर जाऊ नये. कॅम्पसवर येणाऱ्या प्रत्येक एजन्सीकडून कराराचा पूर्ण नमुना आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सर्व रकमांची सहीशिक्क्याची यादी आठ दिवस आधी घ्यावी. आणि विभागातील एका प्राध्यापकाकडे हे काम नेमून द्यावे, ज्याच्याकडे विद्यार्थी पत्र घेऊन येऊ शकेल आणि पालकांनाही सोबत आणू शकेल. निर्णयाच्या वेळी पालक समोर असले तर बरे, कारण कर्जावर सही त्यांची असते.

एखाद्याने पैसे आधीच भरले असतील तर त्याला रागावण्यात वेळ घालवू नये. ऑनलाइन रक्कम गेली असेल तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता आले तरच मिळतात. स्क्रीनशॉट, खाते क्रमांक, ऑडिओ संदेश काही पुसू नये. एजंट नोंदणीकृत असेल तर ई-मायग्रेटवर तक्रार, नसेल तर पोलीस ठाण्यात उत्प्रवास कायद्याखाली फिर्याद. विद्यार्थी तिकडे पोहोचून अडकला असेल तर त्या देशातील भारतीय दूतावास, परराष्ट्र मंत्रालयाचे तक्रारींचे मदद पोर्टल, आणि भारतातून घरच्यांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११-३०९०. हे क्रमांक विभागाच्या सूचनाफलकावर आजच लावता येतील.

आपले,
परदेशी अध्यापनाच्या कागदपत्रांचे काम करणारे खान्देशातील शिक्षक